फुटबॉलचं वरचं दार कुणासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१६ सालची गोष्ट. आपल्या देशातल्या आय-लीग या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा हंगाम संपला आणि गुणतक्ता लागला. एकूण नऊ संघ. नववा, म्हणजे शेवटचा, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. त्याच्या वर आठवा, मिझोरामचा आयझॉल एफसी. नियमानुसार एक संघ खालच्या श्रेणीत जाणार होता. गेला कोण? शेवटचा नाही, शेवटून दुसरा. पुण्याचा संघ जागच्या जागी राहिला आणि आयझॉलची घसरण झाली. कारण पुण्याचा संघ खालच्या स्पर्धा जिंकत वर आलेला नव्हता. त्याला कंपनीच्या पाठबळावर थेट प्रवेश मिळाला होता, आणि असा प्रवेश घेणाऱ्या संघाला पहिली काही वर्षं घसरणीपासून अभय होतं. वर्गात शेवटचा नंबर आलेला मुलगा देणगी भरली म्हणून पास आणि त्याच्या पुढचा नापास, असाच हा प्रकार.

गोष्ट इथे संपली असती तर ती विसरून गेलो असतो. पण पुढच्याच हंगामात गोव्याचे संघ रागावून स्पर्धेतून बाहेर पडले (त्यांच्या रागाकडे मी नंतर येतो), जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. आणि त्याच आयझॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली! दुसऱ्या आलेल्या मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून. ज्या संघाला खाली ढकललं होतं तो वर्षभरात देशाचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी घसरला आणि पुढे बंदच पडला. आयझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील अनेक वर्षं याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, ही त्यातली आणखी एक गंमत.

फुटबॉलमध्ये वाद पुष्कळ आहेत. पेनल्टी होती की नव्हती, व्हिडिओ पंच असावा की नसावा, खेळाडूच्या बदलीला किती कोटी मोजावेत, यावर टीव्हीसमोर बसून आपण सगळेच बोलतो. पण गेली पंधरावीस वर्षं जगभर जो सगळ्यात मोठा वाद चालू आहे तो मैदानाबाहेरचा आहे. वरच्या श्रेणीत खेळायचा हक्क जिंकून मिळवायचा की विकत घ्यायचा? आणि संघ नेमका कुणाचा, पैसे घालणाऱ्याचा की त्याच्यासाठी ओरडून घसा बसवून घेणाऱ्यांचा? आपल्या महाराष्ट्राने आणि शेजारच्या गोव्याने या वादाची किंमत इतर कुणाहीपेक्षा जास्त मोजली आहे, म्हणून आज त्यावर बोलतो.

आधी मूळ पद्धत समजून घेऊ. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत फुटबॉल म्हणजे एक शिडी असते. सगळ्यात खाली गावच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा. त्यावर प्रांताची, मग देशाची तिसरी, दुसरी, पहिली श्रेणी. दर वर्षी प्रत्येक पायरीवरचे पहिले दोनतीन संघ वर चढतात आणि शेवटचे दोनतीन खाली येतात. यालाच इंग्रजीत प्रमोशन आणि रेलिगेशन म्हणतात, आपण बढती आणि घसरण म्हणू. या पद्धतीत एखाद्या तालुक्याच्या गावातला संघही, निदान कागदावर, देशाच्या पहिल्या श्रेणीत पोचू शकतो. आणि मोठ्यातला मोठा संघ नीट खेळला नाही तर खाली येतो. जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, नियमही हेच सांगतो की देशाच्या साखळीत खेळण्याचा हक्क मुख्यतः मैदानावरच्या कामगिरीवर ठरावा.

तुम्ही म्हणाल, मग आयपीएलचं काय? तिथे कुठे कुणी खाली येतं? शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच खेळतो आणि कुणाची तक्रार नसते. बरोबर आहे. पण क्रिकेटमध्ये शिडी खेळाडूसाठी असते, क्लबसाठी नसते. आपल्या जालन्याचा विजय झोल जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या संघात गेला, २०१४ च्या विश्वचषकात भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार झाला, आयपीएलमध्येही पोचला. त्यासाठी जालन्याच्या एखाद्या क्लबला काहीच जिंकावं लागलं नाही. राज्याचा संघ, रणजी करंडक, निवड समिती ही यंत्रणा त्याला वर नेण्यासाठी उभी होती. फुटबॉलमध्ये ती जागा क्लबची आहे. खेळाडू क्लबमध्ये घडतो, क्लबबरोबर वर जातो किंवा क्लबकडून विकला जातो. संतोष करंडक ही राज्यांची स्पर्धा आहे खरी, पण व्यावसायिक फुटबॉलचं पोट तिच्यावर चालत नाही. म्हणून आयपीएलचा अंगरखा फुटबॉलला घातला तेव्हा तो काखेत टचटच करू लागला.

तो घातला २०१४ मध्ये. त्याआधी, डिसेंबर २०१० मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले सगळे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्स या कंपनीला ७०० कोटी रुपयांना दिले होते. त्यातून इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली. आठ शहरं, आठ मालक, नट आणि क्रिकेटपटूंची नावं, परदेशातले उतारवयाकडे झुकलेले पण नामांकित खेळाडू. मैदानं भरली, टीव्हीवर सामने चांगले दिसू लागले, खेळाडूंचे पगार वाढले. हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. आय-लीगचे सामने तोवर कसे होत हे ज्यांनी पाहिलंय, ते भर दुपारचं ऊन, रिकामे स्टँड आणि गवत कुठलं न् माती कुठली हे न कळणारं मैदान, त्यांना आयएसएलचं कौतुक वाटणं साहजिक होतं. पण ही लीग बंद दाराची होती. खालून कुणी येणार नाही, वरून कुणी जाणार नाही. आणि जुनी आय-लीग, जिच्यात देशाचे खरे जुने क्लब होते, ती शेजारी तशीच चालू राहिली.

आता महाराष्ट्राचा हिशेब मांडू. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा १९६२ पासूनचा कंपनीचा संघ. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ मध्ये संपला. पुण्याचाच भारत एफसी, थेट प्रवेश घेतलेला, एक हंगाम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम टिकला. मुंबई एफसीचं वर सांगितलंच. आयएसएलचा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. म्हणजे दहा वर्षांत मुंबई-पुण्याचे सहा व्यावसायिक संघ मिटले. यातला घसरणीशी संबंध असलेला एकच. बाकीचे कुणा दुसऱ्या संघाने हरवून खाली पाठवले नव्हते, मालकाने हिशेबाची वही मिटली म्हणून गेले. यासाठी मी उद्योजकांना दोष देणार नाही. त्यांनी वर्षानुवर्षं पदरचे पैसे घातले. पण संघ एकाच खिशावर उभा असेल तर तो खिसा रिकामा होईपर्यंतच त्याचं आयुष्य, हे यातून दिसलं.

एफसी पुणे सिटीची जागा पुढे कुठे गेली, ही कथा मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद झाला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकलीसुद्धा. मग तिथेही पैशांची ओढाताण सुरू झाली, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो संघ उचलून दिल्लीला नेला, नाव ठेवलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. आणि दिल्लीत आधी जो संघ होता, दिल्ली डायनामोज, तो २०१९ मध्येच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता! म्हणजे दिल्लीची जागा भुवनेश्वरला आणि पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीला. एसटीचा थांबा हलवावा तसा संघ हलला, आणि यातल्या एकाही शहराने ती जागा मैदानावर जिंकलेली नव्हती. पुण्यात ज्या मुलांनी केशरी जर्सी विकत घेतली होती त्यांना कुणी काही विचारलं नाही.

असाच प्रकार इंग्लंडमध्येही घडला होता, आणि तिथल्या लोकांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. लंडनमधल्या विम्बल्डनचा जुना फुटबॉल क्लब मालकांनी सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायचं ठरवलं. २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. प्रेक्षक चिडले, पण नुसत्या घोषणा देऊन थांबले नाहीत. त्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. त्याची मालकी समर्थकांच्या संस्थेकडे. सुरुवात केली ती थेट नवव्या पायरीवरून, कारण नव्या क्लबला तिथेच जागा होती. नऊ वर्षांत पाच वेळा बढती मिळवून २०११ मध्ये तो देशाच्या व्यावसायिक साखळीत पोचला, आणि २०१६ मध्ये ज्या श्रेणीत हलवलेला क्लब होता त्याच श्रेणीत जाऊन उभा राहिला. हे शक्य झालं कारण शिडी उघडी होती. पुण्यातल्या समर्थकांनी २०१९ मध्ये असा क्लब काढला असता तर तो वर कुठून चढला असता?

मालकीचा प्रश्न आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगायला फार त्रास पडत नाही. मी राहतो ते अंबड तालुक्यातलं अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं आहे. सभासद म्हणजे काय, भागभांडवल म्हणजे काय, वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतून उठून प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही ऊसउत्पादकाला विचारा. सहकारी कारखाना आणि खासगी कारखाना यांत फरक कुठे पडतो हेही तो सांगेल. जर्मनीतले फुटबॉल क्लब बरेचसे असेच चालतात. तिथे १९९८ पासून नियम आहे की क्लबची कंपनी केली तरी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हातात राहिलं पाहिजे. पैसेवाला कितीही मोठा असो, सभासदांना डावलून तो क्लबचं नाव, रंग किंवा शहर बदलू शकत नाही. २०२३ च्या डिसेंबरात जर्मन लीगने आपल्या प्रक्षेपण-उत्पन्नातला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला, तेव्हा प्रेक्षकांनी सामन्यांच्या मध्येच मैदानात टेनिसचे चेंडू फेकून खेळ थांबवले. काही आठवड्यांत लीगने तो बेत सोडून दिला.

अर्थात सहकारातल्या पळवाटाही आपल्याला माहीत आहेत, आणि त्या जर्मनांनाही सापडल्या. लाइपझिग या शहरात २००९ मध्ये एका थंड पेयाच्या कंपनीने क्लब उभा केला. नियमाप्रमाणे सभासद हवेत, तर सभासद केले, पण मताचा अधिकार असलेले इतके मोजके की सगळे एका खोलीत बसतील, आणि बहुतेक कंपनीशीच संबंधित. नवीन सभासदत्वाचा अर्ज मंजूर करणं न करणं क्लबच्या हाती! हे वाचून आमच्याकडे लोक हसतात. कुठल्या कारखान्याची किंवा सोसायटीची आठवण होते ते ज्याचं त्याला ठाऊक. आणि सभासदांची मालकी असली म्हणजे कारभार चोख असतोच असं नाही. बार्सिलोना हा लाखाच्या वर सभासद असलेला क्लब, अध्यक्ष निवडणुकीने ठरतो, आणि तरी २०२१ मध्ये त्याच्यावरचं कर्ज शंभर कोटी युरोंच्या वर गेल्याचं उघड झालं. लिओनेल मेस्सी त्याच वर्षी तो क्लब सोडून गेला.

याच बार्सिलोनाने त्याच वर्षी दुसऱ्या बाजूनेही उडी मारली होती. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग जाहीर केली. वीस संघ, त्यातल्या पंधरांची जागा कायमची. कधीही घसरण नाही. इंग्लंडमधल्या सहा क्लबांचे समर्थक रस्त्यावर उतरले, स्वतःच्याच क्लबविरुद्ध, आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. तिकडे जी गोष्ट ४८ तासांत कोसळली, ती आपल्याकडे सात वर्षं आधीच सुरू झाली होती आणि आपण टाळ्या वाजवल्या होत्या.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, व्यावसायिक संघ चालवायचा म्हणजे वर्षाला कोट्यवधींचा तोटा सोसायचा. भारतात तिकिटांतून, जर्सीतून फार पैसा येत नाही, प्रक्षेपणाचा येतो तो तोकडा. उद्या संघ घसरला तर प्रायोजक निघून जाणार, मग गुंतवणूक करायची कशाला? हा युक्तिवाद खोटा नाही. अमेरिकेतली लीग १९९६ पासून बंद दारानेच चालते आणि वाढते आहे. शिवाय शिडी उघडी ठेवून खालच्या पायरीवर पैसाच पोचला नाही तर वरून पडणारा संघ खाली येऊन जगत नाही, मरतो. मुंबई एफसीचं तेच झालं. मला स्वतःला वाटतं की शिडी हवी आणि खालच्या पायरीवर वाटा पोचवण्याची सोयही तिच्याबरोबरच हवी. नुसती शिडी लावून देणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. पण घसरण नसूनही पुण्याचा संघ पाच वर्षांत गेलाच, त्यामुळे बंद दाराने गुंतवणूक टिकते हे म्हणणं निदान आपल्या अनुभवाला धरून नाही.

आता गोव्याचा राग. २००७ मध्ये आय-लीग सुरू झाली. पहिली सहा विजेतेपदं कुणाची? धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा गोव्याची. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य, आणि कोलकात्याच्या बड्यांना सहा वर्षं करंडकाला हात लावू दिला नाही. २०१६ मध्ये महासंघाने आराखडा मांडला की आयएसएल हीच देशाची पहिली श्रेणी होणार, आय-लीग दुसरी, आणि दुसरीतून पहिलीत जायला वाट नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी स्पर्धा सोडली. धेंपोने तर नुकतीच दुसरी श्रेणी जिंकून बढती मिळवली होती, तरी तोही बाहेर पडला. ज्या शिडीचं वरचं टोक भिंतीत चिणलं आहे तिच्यावर चढायचं कशाला, हा त्यांचा सवाल होता. धेंपोला राष्ट्रीय पातळीवरच्या आय-लीगमध्ये परत यायला २०२४ साल उजाडलं, तेही खालच्या श्रेणीतून पुन्हा चढून.

वाट मोकळी करायचं ठरलं ते २०१९ मध्ये, आशियाई महासंघाने मध्यस्थी केल्यावर. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती. पहिला गेला पंजाब, दुसरा कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. पण वर जायला जागा एकच आणि त्यासाठी बाराएक संघ म्हटल्यावर प्रत्येक गुणावरून कज्जा होणार हे उघड होतं. २०२४-२५ मध्ये तो झाला. शेवटच्या दिवशी चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण, वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. पण जानेवारीत नामधारी एफसीविरुद्ध हरलेल्या सामन्याबद्दल काशीची तक्रार प्रलंबित होती, की समोरच्या संघाने अपात्र खेळाडू खेळवला. महासंघाच्या शिस्त समितीने काशीला तीन गुण दिले, अपील समितीने ते काढून घेतले, आणि चर्चिलला विजेता ठरवून करंडकही देण्यात आला. काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या क्रीडा लवादाकडे गेला. दुसरीकडे काशीच्याच एका परदेशी खेळाडूच्या नोंदणीवर इतर संघांचा आक्षेप होता. दोन्ही प्रकरणांत लवादाने काशीच्या बाजूने निकाल दिला आणि १८ जुलै २०२५ रोजी काशी विजेता ठरला. म्हणजे हंगाम संपल्यावर साडेतीन महिन्यांनी, तोही परदेशातल्या कार्यालयात, भारताचा दुसऱ्या श्रेणीचा विजेता कळला. कायद्याने काशीचं बरोबर असेल. पण एप्रिलमध्ये विजयोत्सव केलेल्या गोव्यातल्या माणसाला हे कसं समजावणार?

आणि काशी जिंकला त्याच महिन्यात वरचं दारच बंद पडायची वेळ आली. ते १५ वर्षांचं कंत्राट डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होतं, नव्या कराराचा पत्ता नव्हता, म्हणून संयोजक कंपनीने आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवून ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. महासंघाचा कारभार आधीपासूनच न्यायालयात होता. मुदत संपूनही पदाधिकारी खुर्चीवर राहिले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रशासक समिती नेमली होती, त्यावर बाहेरचा हस्तक्षेप म्हणून फिफाने त्या ऑगस्टमध्ये भारतावर बंदी घातली होती आणि अकराबारा दिवसांत उठवली होती. १९ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने महासंघाची नवी घटना मंजूर केली. देशाची सर्वोच्च लीग महासंघाच्या मालकीची असावी आणि तिथे बढती-घसरण असावी, हे तत्त्व तिच्यात आहे. तत्त्व कागदावर आलं, पण लीग चालवायला निविदा काढली तर नोव्हेंबरात मुदत संपेपर्यंत एकही आली नाही. डिसेंबरात मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटी एफसीतला आपला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये त्यांनी तो घेतला तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून छोटा हंगाम होईल असं जाहीर केलं.

या सगळ्या धामधुमीत महाराष्ट्रातलं एक शहर मात्र आपल्याच नादात असतं, ते म्हणजे कोल्हापूर. तिथे शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. नावं पाहा, कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल दत्तक घेतला. भर कामाच्या दिवशी दुपारी सामना असला तरी स्टेडियम भरतं. इथे मालक नाही, पेठच मालक. संघ हैदराबादला हलवा म्हणून कुणी सांगितलं तर त्या माणसाला कोल्हापूर सोडावं लागेल. पण याच प्रेमाची दुसरी बाजूही आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, दगडफेक होते, सामने थांबवावे लागतात. ईर्ष्येपायी आफ्रिकेतून खेळाडू आणले जातात आणि पेठेतला पोरगा राखीव बाकावर बसतो, यावरून तिथे दर हंगामात वाद होतात. म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे आजार आले, पण व्यावसायिक फुटबॉलची वाट आली नाही. देशाच्या श्रेणीत चढायचं तर क्लब परवाना लागतो, त्यासाठी वयोगटांचे संघ, पात्रताधारक प्रशिक्षक, मैदान, तपासलेले हिशेब लागतात. तालमीकडे वर्गणी आहे, ताळेबंद नाही.

तरीही खेळाडू निघतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्येही. आयझॉलला जिंकून देणारे खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून ते महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडे होते. तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून कधीच गेले.

अशा खेळाडूंना घडवणाऱ्या छोट्या क्लबांसाठी एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जाता जाता सांगतो. एखादा खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे पैसे मोजून गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या वयासाठी हंगामाला पाव टक्का, त्यापुढे अर्धा टक्का. समजा सौदा एक कोटीचा झाला आणि मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षं तुमच्या क्लबात होता, तर तुमचे एक लाख रुपये. गावच्या क्लबसाठी ते चेंडू, जाळ्या आणि दोन वर्षांचा प्रवासखर्च झाला. देशातल्या देशात बदली झाली तर हा नियम तसाच लागू होत नाही. आणि पैसे मागायचे तर तो मुलगा त्या वर्षी त्या क्लबचा होता, हे महासंघाच्या संगणकीय नोंदीत दिसावं लागतं. क्लबच बंद पडला असेल तर ती रक्कम देशाच्या महासंघाकडे जाऊ शकते. म्हणून तुमच्या गावात बारा वर्षांची मुलं फुटबॉल खेळत असतील, तर जिल्हा संघटनेकडे जाऊन क्लबची आणि मुलांची नोंद आधी करून घ्या. मंडळाच्या वहीत लिहिलेलं नाव तिथे धरत नाहीत.